साडेतीन सेकंदांची भिंत

एखाद्याला विचारावं, बाबा रे, आयुष्यात काय केलंस, तर कुणी म्हणतो संसार केला, कुणी म्हणतो नोकरी केली, एखादा प्रामाणिक माणूस म्हणतो काहीच केलं नाही. ढिगारेसाहेबांनी तेवीस वर्षं ढिगारे केले. पडलेल्या भिंतींचे, खचलेल्या छपरांचे, उखडलेल्या रस्त्यांचे. सगळे कागदावर, काळ्या शाईत, बारीक टाकाने.

ढिगारे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण ते इतकं अंगाला चिकटलं होतं की एकदा कुणीतरी पाकिटावर तसंच लिहिलं, आणि पोस्टमनने ते बिनदिक्कत त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं.

ते ज्या खोलीत काम करत तिथे जपानी वळणाची चित्रकथा तयार होई. मांगा म्हणतात तिला. दर आठवड्याला एकोणीस पानं, छापखान्याची गाडी दारात उभी राहीपर्यंत शाई ओली. कथेचा नायक सोळा वर्षांचा होता. खोलीत सगळे त्याला मुठ्या म्हणत, कारण जगातला कुठलाही प्रश्न तो मुठीनेच सोडवी. तेवीस वर्षं झाली तरी मुठ्या सोळाचाच होता. त्याला जन्माला घालणारे सर मात्र तेवढ्या काळात चाळिशीतून साठीत गेले होते आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा पाण्याच्या ग्लासच्या बुडासारख्या झाल्या होत्या.

सर फक्त चेहरे काढत. खरं सांगायचं तर डोळेच. केस काढायला एक बाई होत्या, केसवाल्या ताई. मुठ्याच्या केसांवरून त्यांचा जेवढा हात फिरला तेवढा स्वतःच्या मुलीच्या डोक्यावरून फिरला नसेल. वेगाच्या रेघा ओढायला एक गृहस्थ होते, ज्यांना दोन मजले चढायला दहा मिनिटं लागत. आणि मुठ्याने मूठ उगारून हाणली, की पुढे जे काही पडे ते सगळं ढिगारेसाहेबांच्या वाट्याला.

स्वभावाने माणूस असा की चालताना पायाखाली मुंगी आली तर थांबून तिला वाट देईल. कपबशीदेखील टेबलावर ठेवायची तर झोपलेल्या बाळासारखी ठेवायची. बायको म्हणे, "अर्धं शहर पाडून झालं तुमचं, पण कॅलेंडरसाठी एक खिळा ठोका म्हटलं की हाताला कापरं भरतं."

"भिंतीला भोक पडेल गं उगाच," ते म्हणत. आणि हे ते खरोखरच्या काळजीने म्हणत.

त्यांचे ढिगारे मात्र साधे नव्हते. इतर चित्रकथांमधले ढिगारे बघावेत तर बटाट्याचं पोतं उसवल्यासारखे. ढिगारेसाहेबांचा ढिगारा बघून जाणता माणूस सांगू शकला असता की ही भिंत किती वर्षांची होती, चुन्यातली होती की सिमेंटमधली, आणि बांधणाऱ्याने कुठे कामचुकारपणा केला होता. वाचकांची पत्रं येत. पत्रं अर्थात सरांना येत. सर ती मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हणत, "बघा, लोकांचं लक्ष असतं." यापलीकडे ते कधी गेले नाहीत, आणि ढिगारेसाहेबांनीही कधी त्यांना ढकललं नाही.

ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती, पण वडिलांनी ती दिली नव्हती.

वडील गवंडी. हाताला धरणारा कुणी नसताना मजुरापासून मिस्त्री झालेला, ओळंब्याइतका सरळ आणि तितकाच जड माणूस. शाळेला सुट्टी लागली की मुलाला कामावर नेत. मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला सांगितलं, ही घे थापी, या विटा, कमरेएवढी भिंत बांध. पोराने दिवसभर घाम गाळून बांधली. संध्याकाळी वडील आले, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं, आणि भिंतीला लाथ घातली.

मजूर हसले. वडील म्हणाले, "तुझ्या हातून भिंत उभी राहायची नाही."

पोराला रडू आलं असेल, नसेल. पण तो बघत होता. भिंत कशी पडते ते बघत होता. चीर सरळ जात नाही, विटांच्या सांध्यांतून जिना उतरल्यासारखी उतरते. वरचे रद्दे, म्हणजे विटांचे थर, क्षणभर हातात हात धरून एकत्र येतात आणि मग मधेच एकमेकांना सोडून देतात. त्या संध्याकाळी त्याने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या कागदावर ते काढलं. पुढची सगळी नोकरी त्या लाथेतून निघाली.

वडिलांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी हिशेब सोपा होता: "मी जन्मभर बांधलं, आणि आमचे चिरंजीव पाडतात." आल्यागेल्याला हे सांगत. एकदा ढिगारेसाहेबांनी धीर करून सर्वांत नावाजलेला अंक त्यांच्या हातात दिला. वडिलांनी पान जवळ नेलं, लांब नेलं, आडवं केलं.

"खडी सांडलीय का ही?"

"भिंत आहे बाबा. पडलेली."

"मग तेच म्हणतोय मी," म्हणून त्यांनी अंक परत दिला.

आता ती भिंत कुणाची होती, हे सांगायला हवं. जुन्या बाजाराला एक लांबच लांब भिंत होती, वडिलांच्या उमेदीतलं सगळ्यांत मोठं काम. सही करायची सोय गवंड्याला नसते. म्हणून वडील प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात, तळापासून सातव्या रद्द्यात, भट्टीत जास्त भाजून काळी पडलेली एक वीट बसवत. जळकी वीट. कुणी विचारलं तर म्हणत, पाणी कमी पिते म्हणून. बाजाराच्या भिंतीतही ती होती. पुढे रस्ता रुंद करायचा ठरला आणि भिंत एका सकाळी यंत्राने पाडली. सगळा मोहल्ला बघायला गेला. वडील गेले नाहीत. त्या दिवशी ते घरात बसून थापी घासत होते, जिला घासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ढिगारेसाहेबांच्या कल्पनेतली प्रत्येक भिंत तीच. तेवीस वर्षांत मुठ्याने जिथे जिथे भिंत फोडली, तिथल्या ढिगाऱ्यात कुठेतरी एक काळी वीट आहे. सरांना ठाऊक नाही, वाचकांना ठाऊक नाही, छापखान्याला ती शाईचा डाग वाटते. आणि ज्याला ती ओळखता आली असती, त्याला छापलेलं बारीक दिसत नव्हतं.

पुढे वडिलांना मोठंही दिसेनासं होऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेकडेची नजर गेलीय, ती काही परत येत नाही. मधली उरलीय, नळीतून बघितल्यासारखी. "ती किती दिवस?" ढिगारेसाहेबांनी विचारलं. डॉक्टरांनी वर्ष म्हणायच्या आधी थोडा वेळ घेतला, त्यावरून काय ते समजलं.

अशात एका सकाळी सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की मुठ्या टीव्हीवर जाणार. मांगाची अ‍ॅनिमे मालिका होणार. चित्रं तीच, पण हलणार, बोलणार, रंगीत. केसवाल्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केस हलणार या कल्पनेनेच त्या बसल्या जागी सैल झाल्या. वेगाच्या रेघावाल्यांनी हात वर केला. "गोष्टी खरोखरच हलायला लागल्यावर रेघांची गरज राहील का सर?" सरांनी चष्मा पुसला आणि पुढचं पान ओढलं.

ढिगारेसाहेब त्या दिवशी घरी गेले ते जोडे न काढताच वडिलांच्या खोलीत.

"बाबा, आमचं टीव्हीवर येणारे."

"काय, पाडापाडी?"

"हो."

"माणसं असतात का नुसतीच चित्रं?"

"चित्रंच. पण हलतात."

"भिंत पण हलते?"

"पडते."

वडील जरा सावरून बसले. "पडते म्हणजे, फुटते कशी ते दिसतं, का आधी उभी आणि मग एकदम आडवी?"

त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात वडिलांनी त्यांच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. ढिगारेसाहेबांनी मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, "दिसतं. सगळं दिसतं. आणि बाबा, तिसऱ्या भागात बाजाराची भिंत आहे. तुमची."

वडील म्हणाले, "मी ती पडताना बघितली नाही."

"म्हणून तर म्हणतोय."

"कधी आहे?"

"पाच महिन्यांनी."

"डॉक्टरला विचारून ठेव," वडील म्हणाले, "तेवढी मुदत आहे का."

टीव्हीचा एक गुण असा की तो लांबून बघता येतो. नळीतून बघणाऱ्या माणसालाही पुरेसं मागे बसवलं की अख्खा पडदा नळीत मावतो. बायकोने दोनतीन संध्याकाळी खुर्ची पुढेमागे करून ती जागा शोधून काढली आणि फरशीवर खडूने चार खुणा केल्या. "आता ही खुर्ची कुणी हलवली तर माझ्याशी गाठ आहे," असं तिने जाहीर केलं. घरात हलवणारे दोघेच होते आणि दोघेही तिला घाबरत.

पुढच्या आठवड्यात सरांनी ढिगारेसाहेबांना बाजाराची जुनी चित्रं देऊन अ‍ॅनिमेच्या स्टुडिओत पाठवलं. दिग्दर्शिका तिशीची होती. केसांचा बुचडा पेन्सिल खोचून बांधलेला, टेबलावर चहाचे सात कप, सातही अर्धे.

"तुम्हीच का ते ढिगारेवाले काका?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही आमची झोप उडवलीय."

काका म्हटल्याचं ढिगारेसाहेबांना जरा लागलं, पण झोप उडवल्याचं त्यांनी कौतुक म्हणून घेतलं. ते तसं नव्हतं.

"तुम्ही पानावर एकदा काढता नि सुटता," ती म्हणाली. "आम्हाला सेकंदाला बारा चित्रं लागतात. शंभर विटा पडल्या की प्रत्येक वीट सेकंदाला बारा वेळा. माझ्याकडे त्या भागाला अकरा जण आहेत, त्यातले दोघं तापाने झोपलेत."

"मग कसं करता?"

"धुरळा. मूठ बसली, पांढरा धुरळा उठला, धुरळा विरला, खाली ढिगारा पडलेला. सगळेच तसं करतात."

"म्हणजे भिंत पडताना दिसतच नाही?"

"कुणाला बघायचीये काका?"

ढिगारेसाहेबांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण एवढ्या कपांच्या मधोमध घरातलं काढायला त्यांना संकोच वाटला. त्याऐवजी ते म्हणाले, "मी काढून दिली तर?"

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "साडेतीन सेकंद आहेत. बेचाळीस चित्रं."

"देतो."

"पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला माझं ते दृश्य बंद होतं. त्याआधी जमून आलं तर लावते. शब्द देते." तिने कपाटातून खाली तीन भोकं पाडलेल्या कागदांचा गठ्ठा काढला आणि एक पट्टी, जिच्या खुंट्यांत ते कागद अडकवायचे, म्हणजे चित्र जागचं सरकत नाही. "खालून दिवा लागणारी पेटी आहे ना घरी? खालच्या चित्रावरून वरचं उतरवायला?"

"मला लागत नाही ती," ढिगारेसाहेब म्हणाले.

हे थोड्या ताठ्यानेच म्हणाले. त्यांच्या खोलीत दिव्याच्या पेटीवर चित्र उतरवणं म्हणजे नव्या उमेदवाराचं काम. जाणता माणूस प्रत्येक वीट स्वतःच्या डोळ्याने बघून नव्याने काढतो. एका विटेसारखी दुसरी वीट काढली तर सर पान परत करत आणि म्हणत, "शिक्के मारताय काय?" तेवीस वर्षं शिक्के न मारल्याचा अभिमान होता तो. दिग्दर्शिका काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली.

मग सहा आठवडे घरात भिंत पडत होती. रोज पहाटे उठून, ऑफिसला निघेपर्यंत एक चित्र. रविवारी दोन. बायकोने जेवणाचं टेबल त्यांना देऊन टाकलं आणि आपण ओट्यापाशी उभ्याने चहा प्यायला लागली.

"एवढी भिंत बांधली असती तर एव्हाना राहायला गेलो असतो आत," ती म्हणे.

"तू शाईवर शिंतोडे उडवू नकोस."

"मी बोलतेय, थुंकत नाहीये."

अडलं की ते वडिलांच्या खोलीत जात. पहिल्यांदा गेले ते असेच, सहज विचारतोय असं दाखवत. "बाबा, ठोसा मधोमध बसला तर आधी काय जातं? वरचं का खालचं?"

वडिलांनी काड्यापेट्या मागवल्या. घरात तीन होत्या, बायकोने शेजारून आणखी आणल्या. आंधळेपणाच्या काठावरचा तो म्हातारा बोटांनी चाचपत काड्यापेट्यांचे रद्दे रचायचा आणि सांगायचा, "आधी पोट निघतं. भिंतीला पोट निघालं की ती गेली समज, मग देव आला तरी थांबवत नाही. माथ्याला ते उशिरा कळतं. माथ्याला वाटतं आपण अजून उभेच आहोत. बघ." आणि बोटाने टोचून पाडायचा. पुन्हा रचायचा. तासन्‌तास दोघं बसत. म्हातारा हसायचा. इतक्या वर्षांत बापलेकांच्या बोलण्याला विषय नव्हता तो असा मिळाला की जेवण थंड होऊ लागलं, आणि बायकोनेही त्यावर एकदाही टोमणा मारला नाही. बेचाळिसाव्या चित्रात, पडलेल्या ढिगाऱ्याच्या डाव्या अंगाला, पुरेशी मोठी, ढिगारेसाहेबांनी जळकी वीट काढली. अंगठ्याएवढी. टीव्हीवर ती तळहाताएवढी झाली असती.

सोळा तारखेला ते गठ्ठा घेऊन स्टुडिओत गेले. दिग्दर्शिकेने एकेक कागद उचलला. पाचव्या कागदाला तिने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली. सगळे येऊन उभे राहिले. "बाप रे," एकजण म्हणाला. "हे फ्रेम करायला पाहिजे." ढिगारेसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आपला चेहरा कसा झालाय याची त्यांना कल्पना होती.

मग त्यांनी बेचाळीस चित्रांचे फोटो काढले आणि मागोमाग पडद्यावर चालवले.

भिंत पडत नव्हती. भिंतीला मुंग्या लागल्या होत्या. प्रत्येक विटेचा खरखरीतपणा, प्रत्येक सांध्यातली चीर, ज्या विटा अजून हललेल्याही नव्हत्या त्यांच्या कडा, सगळं एका जागी उकळत होतं, वळवळत होतं. त्या गजबजाटात भिंत कधी कलली, पोट कधी निघालं, माथा कधी आला, काही कळलं नाही. साडेतीन सेकंद झाले. पुन्हा चालवलं. तेच. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"काका," दिग्दर्शिका हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही प्रत्येक चित्र नव्याने काढलंत?"

"मग काय शिक्के मारू?"

"इथे शिक्केच मारायचे असतात हो. जी वीट हलत नाही तिची रेघ केसभरसुद्धा हलायला नको. म्हणून तर ती पेटी विचारली होती मी. तुमची एकेक वीट म्हणजे बेचाळीस वेगवेगळ्या विटा झाल्यात. सगळ्या सुंदर आहेत. म्हणूनच वळवळतात."

ढिगारेसाहेबांना ते एका क्षणात समजलं. न समजायला ते मूर्ख नव्हते, हेच वाईट. चार रेघांत काम उरकणाऱ्या नवख्याने हे केलं असतं तर बरं झालं असतं.

"पुन्हा काढतो," ते म्हणाले.

"आज सोळा तारीख आहे, काका."

त्यांनी गठ्ठा बांधायला घेतला. दोरीची गाठ बसेना. शेवटी तिनेच ती बांधून दिली आणि म्हणाली, "शेवटचं चित्र माझ्याकडे ठेवून जा. धुरळा विरला की तोच ढिगारा दाखवते. पूर्ण." तिने ते मनापासून म्हटलं होतं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. "झालं का पसंत?" बायकोने विचारलं. "झालं," ते म्हणाले. बेचाळिसांतलं एक झालं होतं. अगदीच खोटं नव्हतं ते. जळकी वीट तर होतीच. तेवढी दिसली तरी पुरे, बाकीचं काड्यापेट्यांत बघून झालंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तिसरा भाग रविवारी सकाळी दहाला होता. वडिलांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. खडूच्या खुणांवर खुर्ची, खुर्चीत वडील, हात गुडघ्यांवर. मुठ्या पडद्यावर आला आणि ओरडायला लागला. या मालिकांची ही रीतच असते, मारण्याआधी ओरडायचं, आणि ओरडण्याआधी आपण का मारणार आहोत ते समोरच्याला समजावून सांगायचं.

"हा मारणार कधी?" वडील म्हणाले.

"थांबा बाबा, जोर जमवतोय तो."

"एवढ्यात मी पाया भरून मोकळा झालो असतो."

मग बाजार आला. भिंत आली. उभी, लांब, रंगीत. वडील पुढे झुकले, तसा पडदा नळीबाहेर गेला असावा, म्हणून पुन्हा मागे टेकले. "कोपरा बरोबर घेतलाय," ते म्हणाले. "पण जळकी वीट नाही त्यात."

"ढिगाऱ्यात आहे," ढिगारेसाहेब म्हणाले.

मूठ बसली. पांढरा धुरळा उठला. खालून उठला, कडेने वर चढला, सगळा पडदा भरून टाकला. ढिगारेसाहेब मोजत होते. एक. दोन. तीन. धुरळा जरा पातळ झाला, आणि तो विरायच्या आत पडदाभर मुठ्याचे डोळे आले. सरांचे डोळे. मग साबणाची जाहिरात लागली.

ढिगारा दाखवला नव्हता. नंतर कळलं, भाग चार सेकंद लांबला होता.

खोलीत साबणाचं गाणं वाजत होतं. बायकोने टीव्ही बंद केला आणि नवऱ्याकडे बघितलं. एकदाच, पण पुरेसं.

"धुरळा तू काढलास?" वडिलांनी विचारलं.

ढिगारेसाहेबांना नाही म्हणायचं होतं. तोंडाशी आलेला तो शब्द बाहेर पडायच्या आत वडील पुढे बोलले.

"वा," ते म्हणाले. त्रेपन्न वर्षांतलं पहिलं. "अगदी तस्सा. चुन्यातली भिंत पडली की असाच उठतो, आधी खालनं, मग कडेनं. आणि बरं केलंस बाबा."

"काय बरं केलं?"

"पडताना दाखवली नाहीस. तू म्हणाला होतास दाखवणार, तेव्हापासून हा रविवार येऊच नये असं वाटत होतं. त्या काड्यापेट्या पाडायचो ना, त्या काड्यापेट्या होत्या. म्हटलं, नको म्हणावं तर पोरगा हिरमुसेल. एवढ्या वर्षांनी काहीतरी दाखवतोय." त्यांनी हात पुढे करून चाचपला, मुलाचा खांदा सापडला, त्यावर दोनदा थोपटलं. "झाकलीस तू ती. मला बघवली नसती. समजलं तुला."

"हो," ढिगारेसाहेब म्हणाले. "मीच काढला धुरळा."

बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "सांगून टाका त्यांना. बेचाळीस चित्रं काढलीत तुम्ही. मी उभ्याने चहा प्यायलेय सहा आठवडे."

"काय सांगू? की मी दाखवणारच होतो? की बळ लावून, पहाटे उठून, ते पडताना दाखवायच्या मागे होतो, आणि माझ्याच हाताने बिघडलं म्हणून झाकलं गेलं?"

नळ उघडा होता, तो तिने बंद केला.

त्यानंतर वडिलांनी आल्यागेल्याला सांगायचं वाक्य बदललं. पाडतो म्हणणं बंद झालं. डोळ्यांच्या डॉक्टरला, न्हाव्याला, गॅसची टाकी आणणाऱ्यालाही ते सांगू लागले, "आमचे चिरंजीव धुरळा काढतात. टीव्हीवर असतो. नुसतं पाडून दाखवायला काय, कुणीही दाखवेल." बोलताना मान अशी ताठ की ओळंबा लावून घ्यावा. ढिगारेसाहेब शेजारी उभे असले तर खाली बघत, आणि लोकांना तो विनय वाटे.

मालिका चालली. धो धो चालली. महिन्याभराने सरांनी ढिगारेसाहेबांना टेबलापाशी बोलावलं. पुढच्या अंकात मुठ्या पूल पाडणार होता.

"एक करू या आपण," सर म्हणाले. "लोकांना तो टीव्हीवरचा धुरळा फार आवडलाय. पत्रं येतायत. आता पानातही थोडा ठेवत जाऊ. ढिगारे जरा कमी करा. नाहीतरी ते बारीक कुणाला दिसत नाहीत."

"पूल दगडी आहे सर. दगडाला एवढा धुरळा नसतो."

"असू द्या हो," सर म्हणाले. "कुठे कुणी मोजायला बसलंय?"

धुरळा ढिगारेसाहेबांना जमत नव्हता. विटेला कड असते, सांधा असतो, ती कुठून आली ते ठाऊक असतं. धुरळ्याला काहीच नसतं. त्यांनी केलेला पहिला धुरळा कापूस पिंजून टाकल्यासारखा झाला. केसवाल्या ताई उठून आल्या आणि त्यांनी दाखवलं, मनगट कसं सैल सोडायचं, टोकाला रेघ कशी विरू द्यायची. वेगाच्या रेघावालेही आले. त्यांच्या रेघा एव्हाना पानागणिक कमी होत चालल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता. दुपारपर्यंत बऱ्यापैकी जमलं. पुलाचा एकही दगड दिसत नव्हता.

वडिलांची मधली नजर डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या दोन महिने आधीच संपली. खुर्ची आहे तिथेच आहे. खडूच्या खुणा लादी पुसताना गेल्या. संध्याकाळी मुलाच्या पायांचा आवाज आला की ते तोंड वळवून विचारतात, "काय काढलंस रे आज?"

"धुरळा, बाबा."

"दाट?"

"दाट. काहीसुद्धा दिसत नाही."

"वा," वडील म्हणतात.